गिरणीच्या गेटवरची पाटी: एका भाकरीवालीचं प्रकरण

गिरणी बंद झाली तेव्हा आजीच्या घरात ज्वारीची अडीच पोती होती, स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या आणि तिची एक पाटली सोनाराकडे गहाण होती. एवढ्या तीन गोष्टी डोक्यात ठेवा, पुढचं सगळं प्रकरण ह्या तिघींभोवतीच फिरतं.

मी सोलापुरात बचत गटांबरोबर काम करते, बरेचसे गट कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे, आणि नवीन गट आला की मी त्यांना आमच्या आजीचं हे प्रकरण पूर्ण सांगते, कारण पुस्तकातलं भांडवल, खेळतं भांडवल, उधारीचा धोका वगैरे शब्द फळ्यावर लिहिले तर बायका वहीत उतरवून घेतात आणि विसरतात, पण आजीची पाटी, म्हणजे डोक्यावरची भाकरीची टोपली, मात्र लक्षात राहते. इथे लिहिताना थोडं जास्त तपशिलात लिहितेय. गिरणीचं नाव मुद्दाम घेत नाही.

आधी धंदा कसा चालायचा ते. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली आली आणि मग एकामागून एक येत गेल्या, त्यामुळे आजीच्या तरुणपणी अख्खं गाव भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. गिरणीत तीन पाळ्या. सकाळी रात्रपाळीवाले बाहेर पडायचे आणि पहिल्या पाळीवाले आत जायचे, म्हणजे त्या एका तासात गेटवर दोन पाळ्यांची माणसं एकाच वेळी, आणि आजीचा खरा धंदा तेवढा एकच तास. त्यातली पुष्कळ माणसं खेड्यावरून आलेली, बायकापोरं गावाकडं, चार-सहा जणांत मिळून एक खोली. ज्याला परवडायचं तो खानावळ लावायचा, बाकीच्यांना पाटीवाली.

आजी पहाटे तीनला उठायची. काठवटीत पीठ, त्यात उकळतं पाणी, तळहाताने रगडून रगडून मळायचं, कारण ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो गरम पाण्याने आणि हाताच्या जोराने आणावा लागतो. पीठही ताजंच लागतं, जुनं झालं की विरी जातं आणि भाकरी थापताना कडेने फाटते, म्हणून ती रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसापुरतंच दळायची. दोन चुली, दोन तवे. एकीवर थापलेली टाकून पाणी फिरवायचं, दुसरीवरची उलटून निखाऱ्यावर फुगवायची. सहा वाजेपर्यंत साठ-सत्तर भाकरींची चवड फडक्यात बांधून पाटीत, वर शेंगाचटणीचा डबा, डोक्यावर चुंबळ आणि चालत गेट.

चटणीबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, सालं काढायची, मग लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून उखळात मुसळाने कुटायचं, आणि दाण्याचं तेल सुटून चटणी हाताला ओलसर लागेपर्यंत थांबायचं नाही. मिक्सरमध्ये तिचं पीठ होतं, उखळात ती गोळा धरते. पाण्याचा थेंबही नसल्यामुळे ती आठवडेच्या आठवडे टिकते. आजी भाकरीबरोबर चटणीचे पैसे घेत नव्हती, पत्र्याच्या चमच्याने एक चमचा भाकरीवर ठेवायची. शेजारी अजून दोघी-तिघी भाकरीवाल्या बसायच्या, भाकरी सगळ्यांचीच चांगली, पण गिऱ्हाईक चटणीवर ठरायचं.

हाकही तीन भाषांत. मराठी माणसाला भाकरी, कानडी माणसाला रोट्टी, आणि शहराच्या पूर्व भागातले तेलुगु बोलणारे साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे, आले की जोन्न रोट्टे. लिहिता-वाचता एक भाषा येत नव्हती पण तीन भाषांत पैसे मागता यायचे, असं माझे वडील अभिमानाने सांगायचे. मराठी बोलणारे तिला मावशी म्हणायचे, कानडी-तेलुगुवाले अक्का.

आता उधारी. हा ह्या प्रकरणाचा गाभा आहे. पगार महिन्याने, भूक रोज. त्यामुळे गेटवरचा जवळजवळ सगळा धंदा उधारीचा. आजीला अक्षर येत नव्हतं, मग तिने स्वयंपाकघराची एक भिंतच वही केली. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक खूण: एकाची छत्री, एकाची मिशी, एकाची टोपी, एकाचा मागावरचा धोटा, आणि त्या खुणेपुढे एका भाकरीला कोळशाची एक रेघ, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. घरी आली की आधी भिंत, मग चहा. हिशोब भाकरींचा होता, पैशांचा नव्हता, हे मला फार हुशारीचं वाटतं. १९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हा बाजारात सहा पैसे की सव्वासहा पैसे यावरून रोज भांडणं व्हायची म्हणे, आजीच्या भिंतीला काहीच फरक पडला नाही. पगाराच्या दिवशी जो भाव असेल त्या भावाने जेवढ्या रेघा तेवढे पैसे.

पगाराच्या दिवशी ती गेटवर जायची पण रिकामी पाटी घेऊन. मी लहानपणी विचारलं होतं, का गं, त्या दिवशी तर लोकांकडं पैसे असतात, तेव्हाच विकायच्या ना भाकरी. तर म्हणाली, "भरली पाटी बघितली की माणूस आधी भाकरी घेतो आणि मग म्हणतो मावशे हेबी लाव भिंतीला. रिकामी पाटी बघितली की त्याला आठवतं." आणि उभं कुठं राहायचं तेही ठरलेलं, सावकाराची माणसं थांबायची त्याच्या दहा पावलं आत. आधी भाकरीवाली, मग सावकार. मागायची नाही, नुसती उभी राहायची.

आणि माल. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, मंगळवेढ्याकडची मालदांडी, तेव्हाच ती स्वस्त. पावसाळ्यात तीच महाग. म्हणून आजी होळीच्या सुमाराला पाटली गहाण ठेवून वर्षाची ज्वारी एकदम भरायची, पोत्यात कडुलिंबाचा पाला घालून. दिवाळीला गिरणीचा बोनस झाला की लोक जुनी थकलेली उधारी फेडायचे, त्यातून पाटली सोडवायची, भिंतीला चुना मारायचा, हिशोब कोरा. दरवर्षी असंच. भोंगा, पगार, बोनस, पाटली, चुना, सगळं एकमेकांत असं अडकलेलं की एक खिळा निघाला तर पाचही पडणार.

तो खिळा निघाला पावसाळ्यात, १९७२ च्या दुष्काळाच्या काही वर्षं आधी.

एका दिवसात बंद नाही झाली गिरणी. आधी बदलीवाल्यांना, म्हणजे कायम नसलेल्या कामगारांना, गेटवरूनच परत पाठवायला लागले. मग रात्रपाळी बंद, म्हणजे सकाळच्या त्या तासातलं अर्धं गिऱ्हाईक गेलं. मग एक पगार उशिरा झाला, पुढचा अर्धाच झाला. आजीला हे सगळं दिसत होतं, तिच्याइतकं गेटवर कोण बसलेलं होतं? तरी ती दोन महिने उधार देतच राहिली. गटातल्या बायका इथे मला नेहमी थांबवतात, म्हणतात ताई एवढी हुशार बाई अन् हे कसं कळलं नाही. माझं मत असं की कळलं होतं. पण ज्या दिवशी ती रोख मागणार त्या दिवशी तिने गेटवर सगळ्यांदेखत सांगितल्यासारखं होणार की आता ह्यांचा पगार होणार नाही, आणि ते ऐकायची कुणाचीच तयारी नव्हती, तिचीपण नव्हती. शिवाय उधार बंद केली तर जुनी उधारी बुडालीच, कारण माणूस तोंड चुकवून दुसऱ्या पाटीवर जाणार. म्हणून ती रोज थोडं थोडं अजून देत गेली, मागचं वाचवायला पुढचं घालत गेली. चूकच होती ती, मी हळुवारपणे पण स्पष्ट सांगते. रात्रपाळी बंद झाली त्या आठवड्यात तिने निदान भाकरी निम्म्या करायला हव्या होत्या.

मग एका सकाळी भोंगा वाजला नाही.

माझे वडील तेव्हा आठ-नऊ वर्षांचे, ते सांगायचे की त्या दिवशी आजी गेटवर जाऊन बसली, माणसं आली, घोळक्याने उभी राहिली, कुणी भाकरी मागितली नाही, आणि आजीने सगळी पाटी तिथेच वाटून टाकली. त्या दिवसाच्या रेघा भिंतीवर नाहीत.

घरात आजी, चार पोरं, आजोबा आधीच वारलेले. ज्वारी पडून, तिला सोंडे लागायची भीती. शेजारणींनी सुचवलेला रस्ता विड्यांचा होता, सोलापुरात तो कायमच उघडा असतो, कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू आणायची, घरी बसून वळायच्या, मोजून द्यायच्या, दर आठवड्याला पैसे. खात्रीचं काम, उधारीची भानगड नाही. दुसरा रस्ता खानावळीत पोळ्या लाटायचा, पण गिरणी बंद तर खानावळीपण ओसाडच. तिसरा, इतरांसारखं भिवंडीला जायचं, तिकडे पॉवरलूम वाढत होते आणि इथले कितीतरी साचेवाले बिऱ्हाड उचलून गेले. आजीने थोड्या विड्या वळल्या, महिनाभर, मग सोडल्या. अडीच पोती ज्वारी डोळ्यासमोर असताना तिला दुसऱ्याची पानं मोजवेना.

शेजारी एक कानडी आज्जी राहायच्या, लिंगायत घर, त्यांच्याकडे कडक भाकरी असायची. आजीच्या घरी ती प्रथा नव्हती, आमच्यात मऊ भाकरी. ह्या आज्जींनी तिला बसवून शिकवलं. भाकरी पातळ थापायची, जवळजवळ पापडासारखी, तव्यावर दोन्ही बाजू नीट शेकायच्या आणि मग चुलीच्या कडेला निखाऱ्याच्या धगीवर उभी लावून ठेवायची, आतलं सगळं पाणी निघून खणखणीत वाजेपर्यंत. कुठे एक ओलसर ठिपका राहिला तर तिथूनच बुरशी धरते. नीट झाली तर महिनाभरसुद्धा टिकते, आणि आपली हवा कोरडी म्हणून हे जमतं, कोकणात केली असती तर दोन दिवसात मऊ पडली असती.

आता इथे जरा थांबून बघा, कारण सगळं प्रकरण ह्या एका बदलावर आहे. पीठ तेच, चूल तीच, हात तेच. बदललं काय, तर भाकरीचं आयुष्य. मऊ भाकरी सकाळी केली ती दुपारच्या आत विकलीच पाहिजे, म्हणजे तुम्हाला ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी ठरलेली माणसं लागतात, आणि अशी माणसं धरून ठेवायची असतील तर उधार द्यावीच लागते. कडक भाकरीला घाई नाही. ती आज नाही गेली तर गुरुवारी जाईल. म्हणजे गेट नको, भोंगा नको, अनोळखी माणूसपण चालतो, आणि अनोळखी माणसाला कुणी उधार देत नाही. आजीने उधारी बंद करायची असं ठरवून काही केलं नाही, भाकरी बदलली आणि उधारी आपोआप सुटली. मला हे समजायला स्वतः गटांचं काम करायला लागल्यावर दहा वर्षं लागली.

मग गिऱ्हाईक कुठलं? सोलापूर कुठल्या वाटेवर आहे बघा. इकडे पंढरपूर, इकडे तुळजापूर, तिकडे अक्कलकोट, पुढे गाणगापूर. बारमाही माणूस देवाला चाललेलाच असतो आणि त्याला बरोबर न्यायला न खराब होणारं अन्न पाहिजे. आजी एसटी स्टँडजवळ बसायला लागली, आठवडी बाजार धरले, आणि वर्षातला सगळ्यात मोठा धंदा म्हणजे सिद्धेश्वराचा गड्डा, संक्रांतीची मोठी जत्रा. संक्रांतीच्या आधी तीन-चार आठवडे ती नुसत्या भाकरी करून पत्र्याच्या डब्यात भरायची, मऊ भाकरीत हे स्वप्नातपण शक्य नव्हतं. भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या. सात नंदीध्वज निघाले, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" चा गजर झाला की होम मैदानावर कर्नाटकातून आलेली अख्खी गावं उतरलेली असायची आणि तिची कानडी हाक तिथं कामाला यायची. जागेचे पैसे गोळा करणारा पट्टीवाला यायचा, रोजची पावती फाडायचा, ती पावत्या चटणीच्या डब्याखाली नीट घडी करून ठेवायची.

तुटलेल्या भाकरींचा प्रश्न होता, पाटीत दहातल्या दोन तरी तुटायच्या. पहिले काही दिवस त्या घरातच खाल्ल्या, मग ती चुरा वेगळा बांधून कमी भावात विकायला लागली, आमटीत किंवा ताकात कुस्करून खायला, आणि तो सगळ्यात आधी संपायचा, कारण ज्यांना अख्खी परवडत नव्हती तेपण माणसंच होती. आषाढात हवेत दमटपणा आला की भाकरी सर्दळायच्या, तेव्हा बसायच्या जागेवरच छोटी शेगडी ठेवून परत शेकून द्यायची. चटणीचे मात्र आता वेगळे पैसे. गेटवर जी फुकट होती ती आता पुडीत बांधून विकली जाऊ लागली, आणि खरं सांगायचं तर पुढे भाकरीपेक्षा चटणीनेच घर चालवलं.

पण हे यशाचं प्रकरण म्हणून मी सांगत नाही आणि कुणी तसं सांगूपण नये. पहिलं दीड वर्ष फार वाईट गेलं. थोरल्या काकांची शाळा सातवीत सुटली, ते एका हॉटेलात कपबशा विसळायला लागले आणि परत कधी शाळेत गेले नाहीत, ही किंमत त्या उधारीची आहे. पाटली त्या दिवाळीला सुटली नाही, पुढच्याही नाही, व्याज चढत गेलं आणि शेवटी सोनाराकडेच राहिली. आणि अजून एक, जे हिशोबात धरता येत नाही. गेटवर तिला माणसं ओळखत होती. कुणाच्या बायकोचं बाळंतपण कधी आहे, कुणाचा गावाकडचा बैल मेला, हे तिला माहीत असायचं. स्टँडवरचं गिऱ्हाईक भाकरी घेऊन बसमध्ये चढलं की संपलं. ती म्हणायची, "तिथं माणसं होती, हितं नुसती पाकिटं हायती." हा तोटा मला खरा वाटतो.

१९७२ चं साल आलं तेव्हा ज्वारीच मिळेना, रेशनवर अमेरिकेतला लाल मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, यायचा. त्याची भाकरी तिने काही दिवस केली, पण मिलोची आहे असं आधी सांगून आणि कमी भावात, मग बंदच केली आणि खडी फोडायच्या दुष्काळी कामावर गेली. चांगली ज्वारी आल्यावर परत पाटी. त्या वर्षाबद्दल ती जास्त बोलायची नाही.

भिंतीचं काय झालं? त्या दिवाळीला तिने चुना मारला नाही. बाकीचं घर रंगवलं, ती भिंत सोडली. मग सुरू झालं एकेक माणूस येणं. मिशीवाला सहा महिन्यांनी आला, भिवंडीला लागला होता, त्याने सगळ्या रेघांचे दिले. टोपीवाल्याने दोन हप्त्यात. धोट्याची बायको आली, तो वारला होता, तिने ज्वारीची एक गोणी आणली, आजीने अर्धी घेतली. कोण आला की आजी ओल्या फडक्याने त्याची खूण पुसायची, त्याच्यासमोर. माझ्या वडिलांच्या अंदाजाने निम्म्याच्या थोडं वर वसूल झालं, तेही चार-पाच वर्षांत मिळून, म्हणजे व्याज धरलं तर बुडालंच. पण कुणाच्या दारात ती मागायला गेली नाही. मी गटात सांगताना हे सोडून देत नाही आणि त्याचं कौतुकपण करत नाही, कारण काही जणांकडे ती गेली असती तर काकांची शाळा कदाचित वाचली असती. ह्यावर आमच्या घरात अजून वाद होतात.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला पाहिजे. २०१४ साली केंद्राचा पथविक्रेता कायदा आला. त्यात विक्री प्रमाणपत्र आहे, शहर विक्री समिती आहे, समितीत निदान ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमतात त्याला नैसर्गिक बाजार म्हणून मान आहे, आणि ५० वर्षांहून जुना असा बाजार असेल तर तो वारसा बाजार धरून तिथल्या लोकांना हलवायचं नाही असंही लिहिलंय. आजीच्या काळात हातात नुसती रोजची पावती, त्यामुळे हा कायदा मला मोलाचा वाटतो आणि मी प्रत्येक गटाला प्रमाणपत्राचा अर्ज करायला लावते. पण जागा वाचवणं आणि जागेवरचं गिऱ्हाईक वाचवणं वेगळं. आजीला गेटवरून कुणी उठवलं नव्हतं. गेट तिथेच होतं.

मागच्या महिन्यात एका गटातल्या ताई आल्या, एका ऑफिसच्या कँटीनकडून ऑर्डर मिळालीय, रोज चाळीस मऊ भाकरी, पैसे महिन्याने. त्यांना फार आनंद झालेला. मी विचारलं पीठ किती दिवसांचं घरात आहे, तर म्हणाल्या दहा दिवसांचं, आणि दुकानदार उधार देत नाही. मग आम्ही दोघींनी कागदावर तीस दिवसांच्या रेघा काढल्या, आजीसारख्याच, पाचवी आडवी, आणि बाराशेव्या भाकरीपर्यंत कागद भरत गेला तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. ऑर्डर सोडायची नाही असं ठरलं. त्यांनी कँटीनवाल्या दादांना जाऊन सांगितलं की हिशोब दर शनिवारी, आणि चाळीसऐवजी वीस मऊ, वीस कडक, कडकचे पैसे रोख. दादा जरा कुरकुरले, मग चटणी फुकट मिळणार का म्हणून विचारलं. ताई हो म्हणाल्या.

पहिल्या शनिवारी पैसे आले. दुसऱ्या शनिवारी दादा म्हणाले सोमवारी देतो, आणि सोमवारी ताई मऊ भाकरी न घेताच गेल्या, हातात रिकामी पिशवी.